काटा मधोमध

गाडीतला एखादा पार्ट साफ बंद पडला तर तो मालकावर एक प्रकारे उपकारच करतो. हॉर्न वाजेना, सेल फिरेना, काच खाली होईना. काय बिघडलंय हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. छळतात ते अर्धवट चालणारे पार्ट, आणि त्यांतही मोजमाप करणारे. इंजिनातल्या कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर हा त्यांतला म्होरक्या म्हणायला हरकत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा, बहुधा दोनच वायरींचा, आत हलणारं काहीही नसलेला हा पार्ट मेला तर गाडी स्वतःच बोंब मारते. चेक इंजिनचा दिवा लागतो, बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच रेडिएटरचा पंखा फुल स्पीडने सुरू होतो, काहींत एसी बंद होतो. पण तो मेला नाही, नुसता खोटं बोलू लागला, आणि तेही पटण्याजोगं, तर दिवा लागत नाही, काटा मधोमध उभा राहतो आणि मालक निश्चिंत असतो. अशा साधनाला पकडायचं कसं, याचं उत्तर मला तरी एकच दिसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक आहे तो प्रश्न त्याला विचारायचा. गॅरेजमध्ये स्कॅनर असतो, मल्टिमीटर असतो, हुशार माणसंही असतात. नेमका हा प्रश्नच बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो.

आज या सेन्सरकडे जे काम आहे ते अलीकडच्या काळापर्यंत ड्रायव्हर करत होता. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती 800 चालवलेल्यांना डॅशबोर्डखालचा चोकचा नॉब आठवत असेल. सकाळी किती ओढायचा, कधी अर्धा आत सारायचा, कधी पूर्ण, हा निर्णय माणूस हवेतला गारठा आणि इंजिनाचा आवाज यांवरून घेई. डिसेंबरातल्या नाशिकला एक हिशेब, मे महिन्यातल्या नागपूरला दुसरा. चोक आत ढकलायचं विसरलं की पेट्रोल भसाभस जाई, प्लग काळे पडत, सायलेन्सरमधून काळा धूर निघे. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं आणि हा निर्णय इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे गेला. त्या कॉम्प्युटरला ना गारठा जाणवतो ना आवाज ऐकू येतो. इंजिन गार आहे की गरम हे त्याला मुख्यतः या एका सेन्सरच्या दोन वायरींतून कळतं, आणि तेवढ्यावर तो पेट्रोल किती फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, आयडलिंगची रेस किती ठेवायची, पंखा कधी लावायचा हे सगळं ठरवतो. त्यामुळे सेन्सरने गरम इंजिनाला गार म्हटलं की चोक ओढलेलाच राहिल्यासारखी लक्षणं दिसतात. गार इंजिनाला गरम म्हटलं की सकाळी सेल मारून मारून बॅटरी उतरते, कारण थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतच नाही. अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप गेला, सकाळी गाडी त्रास देते, अशा तक्रारींच्या मुळाशी हा एवढासा पार्ट असू शकतो. असू शकतो म्हणतोय, असतोच असं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

त्याचं आतलं काम समजायला फार विज्ञान लागत नाही. साध्या धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो. 1833 साली मायकेल फॅराडेला चांदीच्या सल्फाइडमध्ये याच्या उलट वागणूक दिसली, तापवलं की वीज अधिक सहज वाहते. त्याच जातीचा, धातूंच्या ऑक्साइडचा एक मणी सेन्सरच्या टोकाशी बसवलेला असतो. पुष्कळ गाड्यांत जो प्रकार वापरतात त्याचा रोध 20 अंश सेल्सिअसला साधारण 2500 ओहम असतो, 40 ला 1200 च्या आसपास, 80 ला सव्वातीनशे आणि 100 ला जेमतेम 190. कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या एका ठरावीक रोधामधून 5 व्होल्ट पाठवतो, पलीकडे सेन्सर असतो, आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. म्हणजे कॉम्प्युटर तापमान पाहत नाही, तो व्होल्ट पाहतो आणि कोष्टकावरून तापमान काढतो. वाटेत जे जे येतं, म्हणजे वायर, कपलर, कपलरमधल्या पिना, सेन्सरची अर्थिंग, त्या सगळ्याची भर त्या व्होल्टेजमध्ये पडते आणि कॉम्प्युटर ती सगळी बेरीज तापमान म्हणून वाचतो.

म्हणूनच स्कॅनरवर आलेला कोड पार्टचं नाव सांगत नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. पी 0118 म्हणजे सर्किटमध्ये व्होल्टेज फार वर आहे, पी 0117 म्हणजे फार खाली आहे. पहिल्यात वायर कुठेतरी तुटल्याची शक्यता असते, दुसऱ्यात शॉर्टची. सेन्सर दोन्हींत दोषी असू शकतो आणि निर्दोषही. इथे ठाऊक असलेल्या उत्तराचा पहिला प्रश्न विचारता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनर लावलेला, आणि सेन्सरचा कपलर काढायचा. तुटलेल्या सर्किटचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे: स्क्रीनवर उणे 40 च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. मग कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. आकडा झटक्यात वरच्या टोकाला, 130-140 च्या घरात जायला हवा. दोन्ही उत्तरं बरोबर आली की वायरिंग ढोबळमानाने शाबूत आहे आणि कॉम्प्युटरचे डोळेही. एखाद्या उत्तरात गडबड झाली, तर नवा सेन्सर आणायला माणूस पाठवण्यात अर्थ नाही. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. काही गाड्यांचा कॉम्प्युटर सर्किट तुटल्याचं ओळखताच आपल्या मनाने 80 वगैरे आकडा धरून चालतो आणि स्कॅनरवर तोच दाखवतो. कपलर हातात आहे आणि स्क्रीनवर ठणठणीत 80 दिसतंय, हे पाहून भलेभले गोंधळतात.

हा झाला मेलेल्या सर्किटचा शोध. पटण्याजोगं खोटं कुठून येतं ते पाहायला कपलर उघडून आत नीट बघावं लागतं. कोकणातल्या गाड्यांत, किंवा मुंबईत दोनतीन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाड्यांत, पितळी पिनेवर हिरवट पूड साचलेली दिसते. कधी पिनेच्या मुळाशी कूलंटच झिरपून आलेलं असतं आणि तिथे चिकट, फिकट रंगाची साय धरलेली असते. नखाने खरवडली तर निघते. समजा, या पुडीने सर्किटमध्ये 200 ओहमचा जास्तीचा रोध घातला. सकाळी इंजिन 20 अंशांवर असताना सेन्सरचे 2500 ओहम, त्यांत 200 मिळवले, 2700 झाले. कॉम्प्युटरला 20 ऐवजी 18 अंश दिसले. दोन अंशांची चूक, कुणाच्या खिजगणतीत नाही. तीच गाडी 85 अंशांना आली की सेन्सरचा स्वतःचा रोध 280 च्या आसपास असतो. त्यात तेच 200 मिळवले की 480 होतात आणि कॉम्प्युटर वाचतो 67. दोष तेवढाच, गंज तेवढाच, पण चूक 2 अंशांवरून 18 अंशांवर गेली.

67 अंशांना पेट्रोल-हवेचं मिश्रण फार जाड होत नाही, आणि ऑक्सिजन सेन्सर बरंचसं सांभाळूनही घेतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेजची तक्रार किरकोळच राहते. खरा धोका पंख्याचा आहे. हायवेवर समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. काही कळत नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की तापमान चढू लागतं. खरे 100 अंश झाले, सेन्सरचे 190 आणि गंजाचे 200, कॉम्प्युटरला दिसले 74. खरे 110 झाले, त्याला दिसले 78. पंखा लावण्यासाठी त्याला 95 च्या पुढचं काही दिसायला हवं, म्हणजे सर्किटचा एकूण रोध साधारण 210 ओहमवर यायला हवा. त्यातले 200 गंजानेच अडवलेत. उरलेल्या 10 ओहमपर्यंत सेन्सर खाली येईल तोवर इंजिनाचं हेड वाकलेलं, गॅस्केट उडालेलं असेल. आणि काटा? आजच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण 75 पासून 105-110 पर्यंत तो मध्यावरून हलतच नाही. लहानसहान चढउतार पाहून गिऱ्हाइकाने शोरूम गाठू नये, हा त्यामागचा विचार. आपल्या उदाहरणातल्या गाडीत इंजिन उकळायच्या बेतात असताना काटा संथपणे मध्यावर येऊन थांबेल आणि सगळं आलबेल असल्याचं सांगेल.

याच दोषाचं एक लक्षण इतकं उलटं आहे की ते ऐकून ग्राहकाला वेड्यात काढलं जातं. एसी लावला की गाडी गरम होत नाही, बंद केला की होते. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की पंखा कॉम्प्युटरच्या तापमानाची वाट न बघता चालू होतो, म्हणून एसीच्या आडोशाला हा दोष लपून राहतो. आता आपल्याकडची जुनी सवय आठवा. कसारा असो की खंबाटकी, घाट लागला की शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतंच, ‘एसी बंद कर, गाडीवर लोड येतोय.’ सल्ला एरवी शहाणपणाचा आहे. या गाडीत मात्र त्या सल्ल्याने चालू असलेला एकमेव पंखा बंद होतो, तोही ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, जिथे वारा नसतो. मग गाडी घाटात उकळली की दोष लोडला, उन्हाला, नाहीतर कूलंटच्या ब्रँडला. इंजिन ठरलेल्या वेळात पुरेसं तापत नाही असं कॉम्प्युटरला वाटून कधीतरी पी 0128 चा कोड आलेला असतो. त्याचा नेहमीचा अर्थ थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असा, म्हणून थर्मोस्टॅट बदललेला असतो. 200 ओहम जागच्या जागी.

गंजाच्या उलट बाजूचा दोषही आहे आणि तो पाहिल्यावर चाचणीचं गणित पूर्ण होतं. कपलरमध्ये पाणी शिरलं, किंवा उंदरांनी कुरतडलेल्या दोन वायरींच्या मधे ओल धरली, तर वीज सेन्सरला वळसा घालून थोडी थोडी गळू लागते. ही गळती 2000 ओहमची धरू. सकाळी सेन्सरचे 2500 आणि त्याला समांतर हे 2000, मिळून सुमारे 1100 होतात आणि 20 अंशांवरचं इंजिन कॉम्प्युटरला 41 अंशांचं दिसतं. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. इंजिन 85 अंशांवर गेलं की 280 आणि 2000 मिळून 246 होतात, म्हणजे 85 चे जेमतेम 89-90. गळतीचा दोष गार इंजिनात उघडा पडतो आणि गरम इंजिनात लपतो. गंजाचा दोष गरम इंजिनात उघडा पडतो आणि गार इंजिनात लपतो. जो मेकॅनिक दुपारी दोन वाजता, गाडी चालत गॅरेजमध्ये आल्यावर, एकदाच स्कॅनर लावून ‘रीडिंग बरोबर आहे’ म्हणतो, त्याने अर्धाच प्रश्न विचारलेला असतो.

गार टोकाचं उत्तर मिळवायला निसर्ग मदत करतो. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सर्वत्र एकाच तापमानाची असते: कूलंट, इनटेकमधली हवा, बाहेरची हवा. सेल न मारता फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर कूलंटचा आणि इनटेक हवेचा आकडा पाहावा, शेजारी साधा थर्मामीटर धरावा. तिघांत दोनतीन अंशांहून जास्त फरक असायचं कारण नाही. त्यात वीसेक अंशांची तफावत निघाली तर दोष कुठे शोधायचा हे गाडीने सांगितलंच. गरम टोकाला काम जास्त आहे. सेन्सर काढून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात त्याचं टोक बुडवून ओहम मोजता येतात, आणि इथे 100 हा आकडा डोळे मिटून धरू नये. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. तिथे पाणी 98 च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला 95-96 ला. सेन्सर या चाचणीत पास झाला आणि गाडीत बसवल्यावर पुन्हा 67 दाखवू लागला, की गुन्हेगार वाटेत आहे. सेन्सर न काढता करायचं तर थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड गनने तापमान पाहतात. ती गनही चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर नेम धरला की आकडा भरवशाचा होतो.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप सरळ आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. छोट्या गाडीचा सेन्सर काही शे रुपयांना मिळतो. पहाटे गाडी पाहायची, पाणी उकळायचं, टेप चिकटवायची, एवढ्या वेळात तीन गाड्यांची सर्व्हिसिंग होते. मग बदलूनच का टाकू नये? जिथे सेन्सरचं प्लॅस्टिक तडकलंय, तिथून कूलंट गळतंय, किंवा मीटरवर सेन्सरचा स्वतःचा रोधच चुकीचा येतोय, तिथे बदलावाच. त्यावर आणखी तास घालवणं हा शुद्ध हट्ट होईल. पण अंदाजाने बदलण्यात एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती मेकॅनिकचीही होते. सेन्सर बदलायचा म्हणजे कपलर ओढून काढावा लागतो आणि परत दाबून बसवावा लागतो. त्या घासण्याने पिनेवरची पूड खरवडली जाते, 200 चे 20 ओहम होतात, गाडी सुधारते. श्रेय नव्या सेन्सरला मिळतं, चांगला जुना सेन्सर भंगारात जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात पूड परत धरली की ‘नवे सेन्सर हल्ली टिकत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. अशा निष्कर्षांनी अनुभव वाढत नाही, गैरसमजच मुरतात. त्यात बाजारातल्या ड्युप्लिकेट मालाची भर. आटे तेच, कपलर तोच, पण आतल्या मण्याचं कोष्टक वेगळं असू शकतं. 20 अंशांना 2500 ऐवजी 3500 ओहम दाखवणारेही सेन्सर मूळ गाड्यांत वापरले जातात. तसला चुकून या गाडीत लागला तर सकाळचे 20 अंश कॉम्प्युटरला 12-13 दिसतील आणि 100 जवळ फरक जवळपास मिटलेला असेल. म्हणजे पार्ट बदलून एक नवीनच दोष पैसे देऊन बसवला, आणि तो गॅरेजमधल्या गरम इंजिनावर कधीच दिसणार नाही.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. इतकी वर्षं स्कॅनर कुठे होता? आम्ही पाइपला हात लावून सांगायचो. खरं आहे, आणि मला त्यात विरोध दिसत नाही. वरच्या पाइपला क्षणभरही हात टिकत नसेल आणि स्क्रीनवर 40 दिसत असेल तर स्क्रीन चूक आहे. 40 अंशांच्या वस्तूला माणूस आरामात हात लावून बसू शकतो. हातालाही एक ठाऊक असलेलं उत्तर असतं, त्याच्याशी तो ताडून पाहतो. जाणत्या माणसाची चूक होते ती हात वापरल्याने नव्हे. मागच्या अमुक गाडीत सेन्सरच निघाला होता म्हणून याही गाडीत सेन्सरच, असं तो हात लावण्याआधीच ठरवतो, तेव्हा होते. (पाइपला हात लावताना पंखा कधीही सुरू होऊ शकतो आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे जाणत्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिलं.)

तिसरा आक्षेप नव्या गाड्यांच्या भक्तांकडून येतो: कॉम्प्युटर स्वतःची तपासणी स्वतःच करतो, माणसाने मधे कशाला पडायचं? करतो खरा. सेन्सर तासभर एकाच आकड्यावर अडकलाय का, इंजिन चालू होऊन अमुक मिनिटं झाली तरी तापमान चढत नाहीये का, रात्रभर थांबलेल्या गाडीत कूलंट आणि हवा यांचे आकडे जुळतात का, हे तो पाहतो. म्हणजे ठाऊक असलेल्या उत्तराची पद्धत इंजिनिअर मंडळींनीही मान्य केलेलीच आहे. पण त्यांना कसोटीची पट्टी सैल ठेवावी लागते, नाहीतर विनाकारण दिवे लागून लोक हैराण होतील. थोड्या अंशांची चूक त्या पट्टीतून सहज निसटते. शिवाय ही सगळी स्वयंतपासणी मुळात जन्मली ती प्रदूषणाच्या कायद्यांतून. अमेरिकेत 1996 पासून नव्या मोटारींना दुसऱ्या पिढीची ओबीडी, म्हणजे स्वयंतपासणीची, यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे प्रदूषणाचं मानक आलं, त्यातही भर धुरावर आहे. इंजिन ठरल्या वेळात तापत नसेल तर धूर वाढतो, म्हणून त्यासाठी कोड आहे. घाटात हेड वाकेल ही काळजी कायद्याची नव्हे, मालकाची आहे.

माझ्या पद्धतीला मात्र एक मर्यादा आहे आणि ती आक्षेप घेणारे सहसा काढत नाहीत, म्हणून मीच काढतो. पहाटेचा आकडा बरोबर, उकळत्या पाण्यातला बरोबर, पिना लख्ख, आणि तरीही सेन्सर ऐन वेळी फसवू शकतो. कारण तो इंजिनाचं तापमान सांगतच नाही, स्वतःच्या टोकाचं सांगतो. टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तोवर दोन्ही एकच. पाइप फाटला, पंपाचं सील गेलं, कूलंट रस्त्यावर वाहून गेलं, की टोक हवेत किंवा वाफेत उघडं पडतं. हवा पाण्याइतकी उष्णता पोहोचवत नाही. इंजिन तापत असताना आकडा थबकतो, कधी चक्क उतरतो. 1912 साली पेटंट मिळालेलं बॉइसचं मोटोमीटर आठवावं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला तो थर्मामीटर ड्रायव्हरला सीटवरून दिसे, आणि तो पाण्यावरच्या वाफेचं तापमान घेई. शंभर वर्षांत मोजण्याची रीत बदलली, टोक कशात बुडालंय हा प्रश्न तसाच राहिला. यावर सेन्सरची कुठलीही चाचणी उपयोगाची नाही. इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघणं हाच उपाय, आणि तो सेन्सरच्या जन्माआधीपासूनचा आहे. बाटलीत नळाचं पाणी भरत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्यातले क्षार टोकावर थर धरतात आणि सेन्सर मंदावतो. सेन्सर बदलताना थोडं कूलंट सांडतंच आणि त्या जागी हवा शिरते. इंजिन गार असताना भरून, हीटर गरमवर ठेवून, ब्लीडिंगचा स्क्रू असेल तर तो सैल करून ती हवा काढली नाही तर तिचा बुडबुडा बहुधा वरच्या भागात, म्हणजे कित्येकदा नव्या सेन्सरच्याच टोकाशी, जाऊन बसतो. मग नवा सेन्सरही खराब निघाल्याची तक्रार घेऊन गाडी परत येते.

हे सगळं गॅरेजमध्ये होत नाही याचा ठपका एकट्या मेकॅनिकवर ठेवणं मला पटत नाही. त्याच्या बिलात पार्टची ओळ असते, कूलंटची असते, लेबरची असते, शोधण्याची नसते. तासभर डोकं लावून त्याने कपलरच्या पिना साफ केल्या, वायरीला नवं टोक लावलं आणि पाचशे रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘काही बदललं तर नाही, मग पैसे कशाचे?’ तेच गिऱ्हाईक न लागणाऱ्या सेन्सरचे, न लागणाऱ्या थर्मोस्टॅटचे पैसे बिनतक्रार मोजतं, कारण डबीतून काढलेली नवी वस्तू त्याला दाखवता येते. अशा बाजारात अंदाजाने पार्ट बदलणारा मेकॅनिक अडाणी ठरत नाही, व्यवहारी ठरतो. हे बदलायचं तर सुरुवात गिऱ्हाइकाने करायची आहे, आणि ती फार अवघड नाही. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडावी. बिलावर पार्टच्या नावाखाली तीन आकडे लिहून मागावेत: सकाळी सेल मारण्याआधीचं रीडिंग आणि तेव्हाचं हवेचं तापमान, पंखा सुरू झाला तेव्हाचं रीडिंग, आणि काढलेल्या जुन्या सेन्सरचे ओहम. त्या तीन आकड्यांचे वेगळे पैसे लावले तर द्यावेत. आणि जुना सेन्सर, खराब निघाला असो वा चांगला, मागून घ्यावा.